नातवाबरोबर गाड्यांच्या जत्रेत

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. तीन महिने मेलबर्नला लेकीकडे होते. तिथून पाठवलेले फोटो बघून भाच्याने विचारलं, "मावशी, तू आणि गाड्यांच्या प्रदर्शनात?" त्याचं आश्चर्य काही खोटं नाही. मला गाडीतलं कळतं ते एवढंच, की पुढे बसलं तर ऊन लागतं आणि मागे बसलं तर मळमळतं. हा लेख म्हणजे त्याच्या प्रश्नाचं उत्तर. उत्तर जरा लांबेल, कारण पस्तीस वर्षं इतिहास शिकवल्यामुळे सनावळी सांगितल्याशिवाय माझं वाक्यच पुरं होत नाही.

त्याचं असं झालं. शनिवारी रात्री जेवताना बारा वर्षांचा नातू म्हणाला, "आजी, उद्या मसल कार्स बघायला चल ना. तुला हिस्टरी आवडते ना? ही पण हिस्टरीच आहे." इतिहासाच्या बाईंना असं सांगितल्यावर नाही कसं म्हणणार? खरं तर मला जायचं नव्हतं. वेगाच्या गाड्या म्हटल्या की माझ्या पोटात गोळा येतो. त्याचं कारण घरच्यांना माहीत आहे, बाकीच्यांना पुढे सांगते.

रविवारी सकाळी शहराबाहेरच्या एका मैदानावर पोचलो. फाटकाशी एक आजोबा बादली घेऊन उभे होते आणि शेजारी पाटी : "प्रवेश - गोल्ड कॉईन". मी दचकून जावयांकडे बघितलं. गाड्या बघायला सोन्याचं नाणं? जावई हसायला लागले. "आई, इथली एक आणि दोन डॉलरची नाणी सोनेरी असतात. त्यातलं एखादं बादलीत टाकायचं. पैसे धर्मादाय कामाला जातात." मग मीच एक नाणं टाकलं आणि ऐटीत आत गेले.

आत खरोखर जत्राच होती. हिरव्या गवतावर गाड्यांच्या रांगा, सगळ्यांची बॉनेटं उघडी, प्रत्येक गाडीमागे घडीच्या खुर्चीत मालक आणि त्याची बायको, दोघांमध्ये चहाचा थर्मास. खायला पावाच्या तुकड्यात सॉसेज आणि परतलेला कांदा. मी सॉसेज वगळून पाव-कांदा खाल्ला आणि तो बरा लागला. गाड्यांचे रंग मात्र असे, की आपल्याकडे लग्नाच्या मांडवालासुद्धा कोणी देणार नाही. त्या रंगांची नावं नातू मला वाचून दाखवत होता : "वाइल्ड व्हायोलेट", "यलो ग्लो", "स्ट्राइक मी पिंक". एका नारिंगी गाडीच्या रंगाचं नाव तर चक्क "व्हिटॅमिन सी"!

आता मसल कार म्हणजे काय, ते जसं मला समजलं तसं सांगते. दिसायला साधी घरगुती गाडी, बहुतेकींना चार दारं, मागे मुलं बसतील आणि डिकीत आठवड्याचं सामान मावेल अशी. पण बॉनेटखाली शर्यतीचं इंजिन. अमेरिकेतल्या अशा गाड्या बहुधा दोन दारांच्या. ऑस्ट्रेलियाने हा राक्षस कुटुंबाच्या गाडीत बसवला. हे का घडलं, हा खरा इतिहासाचा प्रश्न आणि त्याचं उत्तर मला तिथल्या पाट्या वाचून, जावयांना छळून आणि घरी येऊन वाचून मिळालं.

होल्डन हे नाव तिथे घरोघरी माहीत. १८५६ साली अ‍ॅडलेडमध्ये घोड्यांची खोगिरं बनवणारं हे दुकान. पुढे ते मोटारींचे सांगाडे बनवू लागलं आणि नंतर अमेरिकेच्या जनरल मोटर्सकडे गेलं. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी मेलबर्नमध्ये पहिली "ऑस्ट्रेलियाची स्वतःची गाडी" लोकांसमोर आली. ती आणली पंतप्रधान बेन चिफली यांनी. हे गृहस्थ मूळचे रेल्वेचे इंजिन ड्रायव्हर आणि गाव बाथर्स्ट. बाथर्स्ट हे नाव लक्षात ठेवा, पुढे परीक्षेत येणार आहे! १९६० साली फोर्डने फाल्कन आणली, आणि मग सगळा देश दोन घराण्यांत वाटला गेला. बाप होल्डनवाला तर मुलगा होल्डनवाला. आपल्याकडे गावात दोन तालमी असाव्यात, तसंच.

या दोन तालमींची कुस्ती व्हायची ती बाथर्स्टला, माउंट पॅनोरमा नावाच्या डोंगरावर. सुमारे सव्वासहा किलोमीटरचा वळणावळणाचा रस्ता, एरवी साधा सार्वजनिक रस्ता, ताशी साठच्या मर्यादेचा. ही लांब पल्ल्याची शर्यत १९६० साली फिलिप आयलंडला सुरू झाली आणि १९६३ पासून बाथर्स्टला आली. अंतर पाचशे मैल. तिचा नियम फार मजेचा होता. गाडी खास शर्यतीसाठी बनवलेली नको, दुकानात कुणालाही विकत मिळते तीच हवी. हेतू चांगला, की लोकांना कळावं कोणती गाडी टिकाऊ. पण कंपन्यांनी नियम उलटा वाचला. शर्यतीतली गाडी दुकानातली हवी ना, मग शर्यतीचीच गाडी दुकानात ठेवू! वर्गात मुलं गृहपाठाच्या नियमांतून अशाच पळवाटा काढत, म्हणून मला हसू आलं.

१९६७ साली फोर्डने फाल्कन जीटी काढली, बहुतेक गाड्या सोनेरी रंगाच्या, ४.७ लिटरचं आठ सिलिंडरचं इंजिन. त्या वर्षी तीच जिंकली. १९६८ आणि १९६९ साली होल्डनची मोनारो. १९७० आणि १९७१ साली पुन्हा फाल्कन, चालक अ‍ॅलन मॉफट. १९७१ च्या शर्यतीत बियरचं एक रिकामं खोकं मॉफटच्या गाडीच्या तोंडाला येऊन चिकटलं आणि तसंच घेऊन गाडी पळत राहिली. १९७२ साली पावसात लहानशी सहा सिलिंडरची होल्डन टोराना घेऊन पीटर ब्रॉक नावाच्या तरुणाने मोठ्या फाल्कनना हरवलं. तिसरी कंपनी क्रायस्लर. तिची चार्जर १९७१ साली आली. तिच्या जाहिरातीत रस्त्यावरचे लोक दोन बोटं दाखवून "हे चार्जर!" म्हणत. आम्ही एका चार्जरजवळ गेलो तेव्हा नातवाने दोन बोटं दाखवली आणि सत्तरीचे मालक उठून दोन बोटं दाखवते झाले.

या सगळ्यांत मोठा मान १९७१ च्या फाल्कन जीटीएचओ फेज थ्रीचा. एचओ म्हणजे काय विचारलं तर कंपनी म्हणे "हँडलिंग ऑप्शन्स", म्हणजे गाडी नीट वळावी म्हणून केलेल्या सोयी. खरा प्रकार सगळ्यांना ठाऊक होता. ५.८ लिटरचं इंजिन, १६४ लिटरची पेट्रोलची टाकी आणि वेग ताशी सव्वादोनशे किलोमीटरच्या वर. बनल्या फक्त तीनशे. चार दारांची याहून वेगवान गाडी त्या वेळी जगात नाही, असं तिथले लोक आजही छाती पुढे काढून सांगतात. त्यातली एक गाडी २०१८ साली लिलावात दहा लाख डॉलरच्या वर गेली. ती एकेकाळी कुणाकडे होती माहीत आहे? लिली-थॉमसन जोडीतल्या जेफ थॉमसनकडे! हे कळल्यावर मात्र जावयांपेक्षा मीच जास्त खूश झाले. आमच्या पिढीने रेडिओला कान लावून त्या माणसाची धास्ती घेतली आहे.

आणि मग हे सगळं एका आठवड्यात संपलं. २५ जून १९७२, रविवार. सिडनीच्या 'सन-हेरल्ड' या वर्तमानपत्रात पहिल्या पानावर बातमी, की ताशी १६० मैल पळणाऱ्या "सुपरकार" लवकरच दुकानात येणार. न्यू साउथ वेल्सचे वाहतूकमंत्री मिल्टन मॉरिस यांनी कडक शब्दांत विरोध केला, बाकीचे राजकारणी त्यांच्यामागे उभे राहिले, आणि थोड्याच दिवसांत तिन्ही कंपन्यांनी आपापले बेत गुंडाळले. फोर्डची फेज फोर मोजून चार बनल्या होत्या, तिथेच थांबल्या. १९६७ ते १९७२, उणीपुरी पाच वर्षं! अशा गाड्या पुढेही निघाल्या, पण शर्यतीचा नियम बदलला आणि ती बेफाम चढाओढ पुन्हा झाली नाही.

मैदानावर ही गोष्ट सगळे हळहळत सांगतात. वर्तमानपत्राने घात केला, मंत्र्यांनी घात केला. मी ऐकून घेतलं. पण माझ्यातली बाई गप्प बसेना. विचारलं जावयांना, "त्या काळात रस्त्यावर माणसं किती मरत होती?" त्यांनी फोनवर शोधून दिलं. १९७० साली, एका वर्षात ३,७९८. देशाची लोकसंख्या तेव्हा सव्वा कोटी. आज ती पावणेतीन कोटी आहे आणि वर्षाला जातात तेराशेच्या आसपास. म्हणजे माणसं दुपटीहून जास्त, गाड्या किती पटींनी जास्त देव जाणे, आणि मृत्यू तिसऱ्या हिश्श्याजवळ आले. चकचकीत बॉनेटांच्या त्या रांगांमध्ये हा आकडा कुठल्याच पाटीवर नव्हता.

आता ते कारण सांगते. १९७४ साली माझा धाकटा भाऊ खंडाळ्याच्या घाटात गेला. एकवीस वर्षांचा होता. मित्राच्या नव्या गाडीत पुढे बसला होता, रात्रीची वेळ, "बघू किती पळते" एवढंच. मित्र वाचला. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना तेव्हा पट्टे नसतच आणि असते तरी आपण लावले असते की नाही कोण जाणे. मी नुकतीच शाळेत नोकरीला लागले होते आणि पहिल्या पगारातून त्याला घड्याळ घेतलं होतं. त्यानंतर वेगाचं कौतुक करणाऱ्या माणसाशी मला नीट बोलताच येत नाही. पन्नास वर्षं झाली, तरी भाऊबीजेला मी आधी चंद्राला ओवाळते.

म्हणून त्या मैदानावर मी जरा चिडूनच फिरत होते. एका गाडीवर "०५" हा आकडा रंगवलेला दिसला. तो पीटर ब्रॉकचा शर्यतीतला क्रमांक, असं नातू म्हणाला. पण शून्यापासून सुरू होणारा कसा? मग कळलं की रक्तात ०.०५ टक्क्यांपेक्षा जास्त दारू असताना गाडी चालवू नका, हा व्हिक्टोरिया राज्याच्या मोहिमेचा संदेश त्या आकड्यातून दिला होता. देशातला सगळ्यांत लाडका शर्यतपटू, बाथर्स्ट नऊ वेळा जिंकलेला, तोच आपल्या गाडीवर "पिऊन चालवू नका" लिहून फिरत होता. आणि २००६ साली पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या एका रॅलीत त्याची गाडी झाडावर आदळून तो गेला. 'मॅड मॅक्स' हा १९७९ चा सिनेमा पुष्कळांना माहीत असेल. त्यातली काळी फाल्कन या लोकांना देवासारखी. पण तो सिनेमा करणारे जॉर्ज मिलर हे डॉक्टर. सिडनीच्या इस्पितळात अपघाताचे रुग्ण त्यांनी आपल्या डोळ्यांनी बघितले होते. म्हणजे गाडीवरचं प्रेम आणि गाडीचं भय दोन वेगळ्या माणसांत नव्हतं, एकाच माणसात होतं. मला हे आधी कधी सुचलं नव्हतं.

दुपारकडे एका पिवळ्या फाल्कनपाशी थांबलो. १९७१ ची साधी जीटी, ती लाखमोलाची एचओ नव्हे. मालक सत्तरीच्या पुढचे ग्रीक गृहस्थ. मी साडीत, हातात पिशवी, बहुधा म्हणूनच त्यांनी कौतुकाने खुर्ची दिली. तरुणपणी बोटीने आले, इंग्रजीचे चार शब्द येत होते आणि फोर्डच्या ब्रॉडमेडोजच्या कारखान्यात लागले. काम काय, तर दारं बसवायची. पट्ट्यावरून सांगाडा पुढे सरकत यायचा, दार बसवायचं, की पुढचा सांगाडा हजर. त्या कारखान्यात बहुतेक असेच दूरदेशचे लोक होते : ग्रीक, इटालियन, युगोस्लाव, तुर्की. १९७३ साली तिथे मोठा संप झाला, कित्येक आठवडे चालला. मी विचारलं, भांडण पगाराचं होतं का? ते म्हणाले, पगाराचं होतंच, पण त्याहून जास्त वेगाचं. पट्टा इतका भरभर फिरायचा की लघवीला जायची सोय नसे.

म्हणजे बघा, बाहेर वेगाचा उत्सव चालला होता आणि आत तो वेग अंगावर झेलणारी माणसं संपावर गेली होती. हेही कुठल्या पाटीवर नव्हतं.

"मग ही गाडी का जपता?" मी विचारलं. त्यांनी ड्रायव्हरच्या बाजूचं दार उघडलं आणि लावलं. पुन्हा उघडलं, लावलं. टप्प असा एकच आवाज, कुठे खडखड नाही. म्हणाले, "कदाचित हे मी बसवलं असेल. नसेलही. पण कुणीतरी माझ्यासारख्याच माणसाने बसवलंय आणि अजून नीट बसतंय." पेट्रोल महागल्यावर या गाड्यांना कोणी विचारत नव्हतं, तेव्हा त्यांनी ती जुनी म्हणून स्वस्तात घेतली होती.

तो कारखाना आता नाही. फोर्डने तिथे गाड्या बनवणं ७ ऑक्टोबर २०१६ रोजी थांबवलं. टोयोटा ३ ऑक्टोबर २०१७ रोजी थांबली, आणि होल्डनची शेवटची गाडी २० ऑक्टोबर २०१७ रोजी अ‍ॅडलेडजवळच्या एलिझाबेथच्या कारखान्यातून बाहेर पडली. त्याबरोबर ऑस्ट्रेलियातला गाड्या बनवण्याचा मोठा उद्योग संपला. २०२० साली जनरल मोटर्सने होल्डन हे नावच बंद करायचं ठरवलं. तुम्ही म्हणाल, बाई, त्याचं आपल्याला काय? तर त्याच जनरल मोटर्सचा आमच्या तळेगावचा कारखाना २०२० च्याच डिसेंबरात थांबला. पुढे तो ह्युंदाईने घेतला आणि तिथे पुन्हा गाड्या बनू लागल्या. एलिझाबेथच्या नशिबी ते नव्हतं. खोगिराच्या दुकानापासून धरलं तर एकशे साठ वर्षांचा धंदा, आणि शिल्लक काय, तर रविवारी मैदानात पुसून-पासून उभ्या केलेल्या गाड्या. त्या लोकांचं जपणं मला तेव्हा थोडं कळलं. वेग आता कुठल्याही परदेशी गाडीत मिळतो. हे आपल्या गावात, आपल्या हातांनी झालं होतं, याचा पुरावा ते जपतात. आपण नाही का आजोबांच्या हातचा लोखंडी अडकित्ता ठेवत, घरात सुपारी कोणी खात नसलं तरी.

निघताना ते म्हणाले, बसून बघा. नातवाने ढकललंच मला. मी साडी सावरत पुढच्या सीटवर बसले. बॉनेटच्या मधोमध एक काळं नाकाड वर आलेलं असतं, त्याला शेकर म्हणतात. ते थेट इंजिनावरच बसवलेलं, त्यामुळे इंजिन सुरू झालं की तेही थरथरतं. ते बघायची नातवाला घाई. पण आजोबा किल्ली फिरवेनात. वाकून त्यांनी माझ्या बाजूचा पट्टा ओढला. तो आजच्यासारखा आपोआप आवळणारा नव्हे, लांबी हाताने कमी-जास्त करावी लागते. त्यांनी ती नीट करून दिली आणि पट्टा अडकवला.

मी म्हटलं, "अहो, गाडी तर उभीच आहे."

ते म्हणाले, "असू दे. इथे तसा कायदा आहे. १९७० पासून."

मग किल्ली फिरवली. ते नाकाड एका अंगाला कलंडलं आणि थरथरू लागलं. आवाज छातीत भरला. नातू बाहेर उड्या मारत होता. आणि मी आत बसून सवयीने सनावळी जुळवत होते. डिसेंबर १९७०. पट्टा लावणं सक्तीचं करणारं व्हिक्टोरिया हे जगातलं पहिलं राज्य. ज्या राज्यात पुढच्याच वर्षी फेज थ्री बनली, त्याच राज्यात. १९७२ उजाडेपर्यंत सगळ्या देशात तो कायदा झाला. आणि आमचा मुलगा गेला १९७४ साली.

डोळ्यांत पाणी आलं. आजोबांना वाटलं, पेट्रोलच्या वासाने आलं असेल. त्यांनी इंजिन बंद केलं. मी काही सांगितलं नाही, फक्त "थँक्यू" म्हटलं, आणि पट्टा सोडताना जरा वेळ लावला.

घरी येताना नातवाने विचारलं, "आजी, आवडल्या का गाड्या?" मी म्हटलं, आवडल्या. खोटं नाही बोलले. पण त्याला दुसऱ्या दिवशी बसवून तो आकडाही लिहायला लावला, ३,७९८, त्याच्या गाड्यांच्या वहीत, फेज थ्रीच्या चित्राखाली. जिंकलेल्या शर्यतींच्या सनांबरोबर हाही सन पाठ असू दे. इतिहास शिकायचा तर दोन्ही पानं शिकावीत, नाहीतर ती नुसती जाहिरात होते.

असो. लेख नेहमीप्रमाणे लांबलाच. भाच्या-पुतण्यांनो, सुनांनो, जावयांनो, दिवाळीला तळेगावला याल तेव्हा मी दारात उभी राहून बघणार आहे. मागच्या सीटवर बसलात तरी पट्टा लावूनच उतरा. म्हणजे, लावून बसा आणि सोडून उतरा! इतकी वर्षं व्याकरण तपासलं, तरी घाईत वाक्य चुकतंच.